नव्या तपासणीआधी जुना कागद पाहा

"शाळेत असताना रक्त तपासलं होतं, पण काय निघालं ते आठवत नाही." सिकलसेलचा विषय निघाला की पूर्व विदर्भात हे वाक्य हमखास कानावर येते. मग पुन्हा सुई, पुन्हा अहवालाची वाट. उत्तर मात्र अनेकदा घरातल्या पेटीतच पडलेले असते.

सिकलसेल आनुवंशिक आहे. रक्तगटासारखाच हिमोग्लोबिनचा प्रकारही सहसा जन्मभर बदलत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने 'एए' (सामान्य), 'एएस' (वाहक) की 'एसएस' (रुग्ण) हे एकदा पक्के झाले, की तोच प्रश्न दरवर्षी विचारण्याचे कारण उरत नाही. मात्र कागद नीट वाचायला हवा. त्यावर फक्त 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' असेल, तर माणूस वाहक आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही. रक्त चढवल्यानंतर तीन महिन्यांच्या आत केलेली तपासणीही फसवू शकते. अशा वेळी पुढची तपासणी करायलाच हवी.

रुग्णासाठी तर जुनी फाइल जिवाइतकी मोलाची आहे. सालेकसा, देवरीकडचा रुग्ण कधी गोंदियाला, कधी नागपूरला, तर कधी राज्याची सीमा ओलांडून नेला जातो. वेदनेने कळवळणारा माणूस काय सांगणार? अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन एरवीही सात-आठ ग्रॅमच असते. ते ठाऊक असेल, तर आजचा आकडा नेहमीचा की धोक्याचा हे डॉक्टरांना लवकर उमगते. फाइल सापडत नाही म्हणून रुग्णाला घरी थांबवू नये. आधी दवाखाना, फाइल मागून आणावी.

लग्न ठरवतानाही हाच कागद आधी काढावा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा कागद कुणाला नाकारण्यासाठी नाही, समजून निर्णय घेण्यासाठी आहे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. पण नमुना घेतला म्हणजे काम संपत नाही. अहवाल हातात देणे, तो मराठीत समजावणे आणि नोंद जपणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे. आपली जबाबदारी त्याहून सोपी आहे: आजच पेटी उघडा, कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.