देव तुमच्या लोनचा जामीनदार नाही

आज जरा घरच्यांशीच भांडायचंय. घरचे म्हणजे आम्ही ख्रिस्ती मंडळी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणारे, सकाळची फास्ट लोकल पकडणारे, एक तारखेला पगार आणि पाच तारखेला ईएमआय बघणारे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. देवाचं नाव बदललंत तरी बराचसा हिशोब तोच राहील.

तर मुद्दा असा. हल्ली आमच्यात एक भाषा फार ऐकू येते... "विश्वासाने पाऊल टाक, देव पुरवेल." घोडबंदर रोडला न झेपणारा टू बीएचके बुक केला, की ते विश्वासाचं पाऊल. टर्म इन्शुरन्स घेतला नाही, तोही विश्वास. बँकेत दोन महिन्यांचा खर्च शिल्लक नाही आणि क्रेडिट कार्ड घासून देणगी दिली, हा तर फारच मोठा विश्वास! आणि मध्येच कुणी एक्सेल शीट उघडली, तर तो बिचारा अल्पविश्वासी.

माझा आक्षेप फायनान्सच्या पुस्तकातला नाही, बायबलमधलाच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून सांगितलं जातं, मार उडी, देवदूत झेलतील. हे सांगणारा कोण? सैतान! तेही शास्त्रवचनाचा आधार देऊन. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढं सांगून विषय संपवतो. घरात कमावणारा एक, लहान मूल, वीस वर्षांचं कर्ज आणि विमा शून्य... ही तीच उडी आहे. फरक इतकाच, की खाली बायको-पोरं उभी आहेत.

लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. मत्तयाच्या पंचविसाव्यात पैसे पुरून ठेवणाऱ्या नोकराला धनी झापतो, निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळालं असतं! हिशोब करणं म्हणजे अविश्वास, हे कुठे लिहिलंय ते मला दाखवा.

आता दशमांश. त्याचं गणित हल्ली म्युच्युअल फंडासारखं सांगतात, इतके पेरा, इतके परत येतील. पण अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश कुणासाठी आहे? लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. परताव्याच्या आशेने दिलेले पैसे म्हणजे गुंतवणूक, त्याला दान म्हणू नका. आणि कार्डवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत असेल, तर वर्षाला चाळीसच्या वर जातं. असल्या उधारीतून दिलेल्या देणगीवर खरी कमाई कोण करतं, ते स्टेटमेंटवर छापलेलं असतं.

श्रद्धेचा पैशाशी संबंधच नाही, असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. वसईला जा. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तिथे पतसंस्था उभी राहिली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सावकाराच्या पाशातल्या माणसाला नुसती प्रार्थना सांगून त्यांनी घरी पाठवलं नाही. सभासद, भागभांडवल, वह्या, हिशोब... श्रद्धेतून हे सगळं उभं राहिलं. माझ्या मते विश्वासाने टाकलेलं पाऊल असं दिसतं.

पण बँक आपल्या माणसांची आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत, मग ती कुठल्याही समाजाची असो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. अनेक गुरुद्वारांच्या ठेवीही त्यात अडकल्या. त्या ठेवीदारांची श्रद्धा कमी पडली, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? कमी पडला तो बँकेच्या वह्यांमधला खरेपणा. ठेवींवरचं विमा संरक्षण २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झालं. ही मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, व्याज धरून आहे. आता सांगा, सगळे पैसे एकाच बँकेत ठेवणं हा विश्वास की आळस?

मला विचाराल तर श्रद्धेचं काम जमेच्या रकान्यात नाहीच, ते खर्चाच्या रकान्यात आहे. किती पुरे, कुणाला द्यायचं, शेजाऱ्याची गाडी बघून आपण पेटायचं का, कर्ज बायकोपासून लपवायचं का... ही उत्तरं कुठलंही कॅल्क्युलेटर देत नाही. तिथे गुडघे टेकावेत. बाकी बेरीज-वजाबाकीला देवाने डोकं दिलंय.

असो. उद्या रविवार आहे. दानपेटीत जरूर टाका, पण स्वतःच्या कमाईतलं टाका, आणि परत किती येणार हे विचारू नका. आणि पुढच्या वेळी कुणी "देव पुरवेल" म्हणत कर्जाच्या फॉर्मवर सही करायला लावलं, तर एवढंच विचारा, "जामीनदार म्हणून तुम्ही सही करताय का?"