वर्गात टॅब आला, पण तुमच्या मुलाला त्याचा उपयोग होतोय का?

शाळेत डिजिटल वर्ग सुरू झाला की पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, आता तरी याचं वाचन सुधारेल ना?" खडूच्या फळ्याजागी स्क्रीन आली म्हणून वाचन सुधारत नाही. मजकूर तोच आणि शिकवण्याचा वेगही तोच असेल, तर डिस्लेक्सिया असलेलं मूल पूर्वीच्याच जागी अडतं.

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही आणि आळस तर नाहीच. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालायला या मुलांच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात. मराठीत त्यात जोडाक्षरं, रफार, वेलांट्यांची भर. सगळी शक्ती शब्द लावण्यातच संपते, अर्थ लागायला काही उरत नाही. हाच धडा ऐकवलात, तर तेच मूल तुम्हाला चकित करणारी उत्तरं देऊ शकतं. म्हणून मजकूर वाचून दाखवणारी सोय त्याच्या खऱ्या कामाची. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती मराठीतही मिळते, तीही फुकट.

मात्र इथे एक गोम आहे. व्हॉट्सअॅपवर आलेली स्वाध्यायपत्रिका पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. फोन ती वाचायला गेला की भलतंच काहीतरी बडबडतो. तपासायचं कसं? एक शब्द निवडून दुसरीकडे पेस्ट करा. तसाच उमटला तर ठीक; नाहीतर शिक्षकांकडे युनिकोडमधली प्रत मागा. महागडं अॅप घेण्याआधी एवढं करा. 'डिस्लेक्सियासाठी खास' म्हणून मिळणाऱ्या फॉन्टचा फायदा अभ्यासांमध्ये फारसा दिसलेला नाही, त्यावर पैसे घालवू नका.

प्रत्येक मुलाची गरज वेगळी असते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला गोंगाटाच्या वर्गात शिक्षकांच्या गळ्यातला, थेट यंत्रात आवाज पोहोचवणारा माइक टॅबपेक्षा जास्त उपयोगी. एडीएचडी असलेल्या मुलाचं लक्ष तर त्याच टॅबवरच्या नोटिफिकेशनने उडतं. त्या बंद ठेवा.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असल्यास 18 वर्षांपर्यंत पुस्तकं व सहाय्यक साधनं मोफत देण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर आहे. माझी हरकत अशी, की शाळा अनेकदा प्रमाणपत्रासाठी थांबून राहतात. धडा ऐकू देणं किंवा तोंडी उत्तर घेणं यासाठी वर्गशिक्षकांची तयारी पुरे, टक्केवारी कशाला? तसं पाहिलं तर अशा सोयी पुरवणं आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखणं हेसुद्धा याच कायद्यात शाळांचं काम म्हणून सांगितलं आहे.

एक खबरदारी मात्र घ्या. पहिली-दुसरीतल्या मुलाला नुसतं ऐकवत राहू नका. त्या वयात अक्षर-ध्वनीचा रोजचा सराव विशेष शिक्षकांच्या मदतीने चालूच हवा. ऐकण्याची सोय इतर विषयांसाठी ठेवा. आणि तपासणीला येताना टॅबवरचे गुण आणू नका, मुलाच्या वह्या आणा.