फरशीला घासणारे दार

घरात वयोवृद्ध माणूस असले, की आपण न्हाणीघरात धरण्यासाठी दांडे बसवतो, ओल्या लादीवर रबरी चटई अंथरतो, रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा तेवत ठेवतो. दाराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शयनगृहाचे किंवा न्हाणीघराचे दार वर्षानुवर्षे फरशीला घासत असते आणि घरच्यांच्या हाताला त्याची सवय झालेली असते. ‘जरा उचलून लोटा, म्हणजे लागेल,’ एवढे पाहुण्याला सांगितले की काम भागते. चाळिशीतल्या माणसाला ही किरकोळ गैरसोय वाटेल. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्याला ती धोक्याची आहे.

अडलेले दार ओढताना आपण नकळत शरीराचा भार मागे झुकवतो. दार अडून असते तोवर तो भार दारच पेलते. ते एकाएकी सुटले, की तोल मागे जातो आणि तो सावरण्यासाठी एक पाऊल चटकन मागे टाकावे लागते. वयाबरोबर नेमके हेच पाऊल मंदावते. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये मागे पडण्याची प्रवृत्ती असतेच, त्यांना असे दार ओढणे विशेष घातक. वॉकर घेऊन चालणाऱ्याला दारासाठी एक हात आधारावरून काढावा लागतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना मूठ घट्ट धरवत नाही. त्यात वेळ मध्यरात्रीची आणि लघवीची घाई. मग दोन गोष्टी घडतात, आणि त्या सहसा कोणी बोलून दाखवत नाही. काही जण मनातला संकोच गिळून दार लोटणेच सोडून देतात. काही जण रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी कमी पितात. घरच्यांना वाटते, हल्ली यांना तहानच लागत नाही.

दार घासू लागले की दोष पावसाळ्याला दिला जातो आणि सुताराला रंधा घेऊन बोलावले जाते. यात थोडी घाई होते. दमट हवेत लाकूड फुगते हे खरे, परंतु ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. दाराचे उभे खांड उंचीत वाढत नाहीत. म्हणून पावसाळ्यातले फुगलेले दार बहुधा कडीच्या बाजूला चौकटीत अडते. ते खाली फरशीला घासत असेल, तर आधी बिजागऱ्यांकडे पाहावे. दाराच्या वजनाने वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर ओढली जात असते. तिचे स्क्रू सैल झाले, की दार कडीच्या बाजूला कलते आणि खालचा कोपरा फरशीला टेकतो.

परीक्षा सोपी आहे. दार मिटून त्याच्या वरची फट पाहावी. ती बिजागरीकडे निमुळती आणि कडीकडे रुंद दिसली, तर दार ओघळले आहे. दार अर्धे उघडून मुठीला धरून वर उचलून पाहावे. ते खालीवर हलले, तर शंकेला जागा उरत नाही. फट सारखी आहे, दार हलत नाही आणि तरीही घासते, तर कारण खाली शोधावे. जुन्या लादीवरच नवी लादी बसवल्याने जमीन वर आलेली असते, किंवा न्हाणीघराच्या प्लायवुडच्या दाराची खालची कड पाणी पिऊन फुललेली असते. ही कड कोणाला दिसत नाही, म्हणून रंगारीही तिला बहुधा कोरडीच सोडतो.

सैल बिजागरीची दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, मात्र ती स्टुलावर चढून ज्येष्ठांनी करू नये. ज्यांनी आयुष्यभर घरातला प्रत्येक खिळा स्वतः ठोकला, त्या आजोबांना हे पटवणे कठीण. त्यांना खुर्चीवर बसवून देखरेख सोपवावी. दार उघडे ठेवून त्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवाव्यात, म्हणजे वजन त्यांवर येते. मग पेचकसाने स्क्रू एकेक करून आवळावेत. एखादा स्क्रू नुसताच फिरत राहिला, तर त्याचे भोक मोठे झाले आहे असे समजावे. तो काढून आगपेटीच्या काड्या, गूल मोडून, लाकडाच्या डिंकात बुडवून भोकात गच्च बसवाव्यात. रात्रभर वाळू द्यावे, वर आलेली टोके कापावीत आणि स्क्रू पुन्हा पिळावा. चौकटीचे लाकूड जाड असेल तर थोडा लांब स्क्रू घालणे अधिक टिकाऊ.

एवढे करूनही दार घासले तरच ते उतरवून खालून तासावे, आणि हे काम सुताराचेच. लाकडी दार शक्यतो भर पावसात तासू नये. आषाढात नेमके बसवलेले दार फाल्गुनात खुळखुळते. तासलेल्या कडेला त्याच दिवशी ऑइलपेंटचे दोन हात द्यायला सांगावे, नाहीतर पुढच्या वर्षी तोच सुतार पुन्हा येईल. दाराखाली दुमडणारे पायपुसणे मात्र कायमचे उचलावे.

दार न्हाणीघराचे असेल, तर सुतार आलाच आहे तेव्हा आणखी एक काम उरकून घ्यावे. बहुतेक न्हाणीघरांची दारे आत उघडतात. आत कोणी पडले आणि शरीर दाराला टेकले, तर बाहेरच्यांना दार लोटता येत नाही. ते बाहेर उघडणारे करणे उत्तम. मात्र पॅसेज अरुंद असेल तर तेच दार वॉकरच्या आड येते, हे आधी मोजून पाहावे. ते जमण्यासारखे नसले, तरी आतली कडी तरी बदलता येते. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. जुना अडसर काढून टाकावा. तो राहिला तर सवयीने तोच लावला जातो.

दार दुरुस्त झाल्यावर एक अडचण उद्भवते, तिची कल्पना आधी असलेली बरी. पुष्कळ घरांत आजी रात्री उठल्याचे दाराच्या घासण्यावरूनच कळत असते. शेजारच्या खोलीतली लेक किंवा सून त्या आवाजाने अर्धवट जागी होते आणि दुसऱ्यांदा दार घासल्याचे ऐकू आले, की निश्चिंत होऊन झोपते. विशेषतः स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा आवाज म्हणजे घरातला पहारा असतो. दार निःशब्द झाले, की तो जातो. म्हणून, त्या व्यक्तीला सांगून, तिची हरकत नसेल तर, मुठीला दोन घुंगरे बांधावीत. दोरा आखूड ठेवावा, म्हणजे तो वॉकरच्या दांड्यात अडकत नाही.