विश्लेषण : मंडळी संप्रदायातून बाहेर पडली, तर चर्च कुणाचे?

कोकणात देवस्थानाचा वाद निघाला की आधी सातबारा काढला जातो. चर्चचेही तसेच आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हजारो ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकेका ठिकाणचे उपासक-समूह, आपापल्या संप्रदायातून बाहेर पडल्या. आपल्याकडे असे झाले तर इमारत आणि जमीन कुणाकडे राहते? याचे बरेचसे उत्तर वलसाडच्या एका खटल्यात आहे.

बाप्टिस्टांचा नियम काय?

बाप्टिस्ट परंपरेत स्थानिक मंडळी स्वायत्त असते. पाळक तीच निवडते, मालमत्ताही तिचीच. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चने महिलेला पाळकपद दिले, म्हणून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले. जूनमध्ये अधिवेशनाने तो निर्णय कायम केला. पण सॅडलबॅकच्या इमारतीची वीटही हलली नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्चचे उलट आहे. तिथे स्थानिक चर्चची मालमत्ता संपूर्ण संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मानली जाते. त्यामुळे २०१९ ते २०२३ दरम्यान बाहेर पडलेल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्यांना आधी ठरलेली देणी चुकती करावी लागली.

वलसाडमध्ये काय घडले?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट संप्रदाय एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) स्थापन झाले. त्यात उत्तर भारतातील बाप्टिस्टांची परिषद होती, तसेच ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ही. ब्रदरन हे बाप्टिस्ट नव्हेत, पण तेही जाणत्या वयातच बाप्तिस्मा देतात. गुजरातेतील ब्रदरनांच्या संस्थेने विलीनीकरणाचा ठराव केला. काही सदस्यांना तो मान्य नव्हता. आम्ही ब्रदरनच, आमची मालमत्ता सीएनआयची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद न्यायालयात गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा नाही, धर्मादाय आयुक्तांचा आहे. २०१३ मध्ये मूळ मुद्द्यावर निकाल आला आणि सीएनआयची बाजू हरली. संस्था नोंदणी कायद्यानुसार विसर्जनाची आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार न्यास एकत्र करण्याची रीतसर प्रक्रिया झालेली नव्हती. नुसत्या ठरावाने जुना न्यास संपत नाही. फोल्डरचे नाव बदलले म्हणून फाइलचा मालक बदलत नाही, तसेच काहीसे. एवढे ठरायला ४३ वर्षे गेली.

सिंधुदुर्गाशी याचा संबंध काय?

जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक आहेत. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, पण तो रोमच्या आदेशाने. एखाद्या गावच्या पॅरिशने ठराव करून बाहेर पडण्याची सोय तिथे नाही. प्रोटेस्टंट थोडे असले, तरी त्यांच्या संस्था जुन्या आहेत. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभारले.

वलसाडला लागू झालेला १९५० चा मुंबईचा कायदाच आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने आपल्याकडे आहे. म्हणून वेगळे व्हायचे ठरवणाऱ्या मंडळीने रविवारच्या सभेत हात वर करून भागत नाही. न्यास कुणाच्या नावे नोंदलेला आहे, घटनेत विसर्जनाची तरतूद काय आहे, विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट मंजूर झाला आहे का, हे आधी बघावे लागते. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. जमीन वरच्या संस्थेच्या न्यासाच्या नावे असेल, तर बाहेर पडणाऱ्यांची बाजू तिथेच लंगडी पडते, मग त्यांच्यामागे बहुमत का असेना.

दफनभूमीचे काय?

माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न हाच. प्रार्थना एखाद्या घरातही होते. पण आईवडील जिथे पुरले तिथे आपल्याला जागा मिळेल का, हे ज्याच्या ताब्यात न्यास तो ठरवू लागला, तर लहान गावात दुसरी सोय नसते. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट गटांच्या वादात मृतदेह अडवले गेले. शेवटी राज्य सरकारला २०२० मध्ये कायदा करून, गट कोणताही असो, कुटुंबाच्या जुन्या दफनभूमीतच दफनाचा हक्क द्यावा लागला.