विश्लेषण : हाडात भरल्या जाणाऱ्या ‘पुडी’चा हिशेब कोण सांगणार?

नवले पूल ते धायरी फाटा या पट्ट्यात अपघात नवे नाहीत. दुचाकीस्वाराची नडगी मोडली की प्लेट, रॉड, स्क्रू लागणार हे नातेवाइकांना ठाऊक असते. पण बिलातली ‘बोन सबस्टिट्यूट’ ही ओळ अनेकांना कळत नाही, आणि घाईत कोणी विचारतही नाही.

हा पदार्थ नेमका काय?

बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट. हाडाच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग याच जातीच्या खनिजाचा असल्याने शरीर त्याला सहसा परके मानत नाही. हाडाचा चुरा होऊन पोकळी उरली की तिथे त्याचे सच्छिद्र दाणे भरतात. छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग नवे हाड. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळू लागते, हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षे टिकते. म्हणून अनेकदा दोन्हींचे मिश्रण वापरतात.

मात्र हा भराव आहे, आधार नव्हे. तो खडूसारखा ठिसूळ असतो. भार प्लेटच पेलते. त्यात जिवंत पेशीही नसतात. म्हणूनच रुग्णाच्या कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा आजही सरस मानला जातो. तो विकत घ्यावा लागत नाही. अर्थात त्यासाठी दुसरी जखम होते, ती दुखते आणि हवे तेवढे हाड मिळतेच असे नाही.

मग औषधाचा संबंध कुठे?

हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर खरी भीती जंतुसंसर्गाची. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी इंजेक्शनचे औषध पुरेसे पोहोचत नाही. पूर्वापार उपाय म्हणजे प्रतिजैविक मिसळलेले ॲक्रिलिक सिमेंटचे मणी. पण ते विरघळत नाहीत, बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागतात. शिवाय हे सिमेंट घट्ट होताना तापते, त्यामुळे उष्णता सोसणारीच औषधे चालतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ यांनी शोधलेले कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट फारसे न तापता घट्ट होते आणि हळूहळू शरीरात जिरते. अडचण एकच, औषधाचा बराच हिस्सा सुरुवातीच्या दिवसांतच बाहेर पडतो. पुढचे आठवडे तो कसा पुरवायचा, यावर अजून संशोधन सुरू आहे.

विज्ञान उपयुक्त आहे. तक्रार व्यवहाराची आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर सरकारने २०१७ मध्ये कमाल किंमत बांधली. हाडातल्या भरावाला तशी मर्यादा नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक दरवाढ नको, एवढाच नियम. मूळ दरच चढा असेल तर त्याचा काय उपयोग? तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने असे पदार्थ देशातच विकसित केले आहेत. सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत त्यांना आधी जागा मिळायला हवी.

तोवर नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारावे : पोकळी केवढी आहे, स्वतःचे हाड का चालणार नाही, भरावाची किंमत किती? पाकिटावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि छापील किंमत असते. ते लेबल फाइलमध्ये चिकटवून घ्यावे आणि बिलातल्या ओळीशी ताडून पाहावे.