लिस्बनमधील नोंद आणि गोवेकरांचे नागरिकत्व

पणजी : नागरिकत्व जन्मभूमीमुळे मिळते की मातापित्यांमुळे, हा प्रश्न बहुतेक भारतीयांच्या आयुष्यात कधी उपस्थितच होत नाही. गोव्यात मात्र तो अनेक कुटुंबांच्या दारात उभा आहे. आजोबांचा जुना जन्मदाखला हाती घेऊन लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात नोंद करायची की नाही, आणि केल्यास भारतातील मतदानाच्या हक्काचे व पारपत्राचे काय होणार, याचे उत्तर एकाच दाखल्याकडे दोन देशांचे कायदे कसे पाहतात यावर अवलंबून आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. बाराव्या घटनादुरुस्तीने हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्याचा भाग ठरले. प्रदेश आला, तरी तेथील माणसे आपोआप नागरिक होत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र आदेश लागतो. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७ खाली केंद्र सरकारने मार्च १९६२ मध्ये तो काढला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे माता-पिता अथवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असतील, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला पूर्वीचे नागरिकत्व राखायचे असेल, त्याने एका महिन्यात लेखी निवेदन द्यावे, अशी सवलत होती. जन्मस्थान आणि वंश या दोन्ही कसोट्या एकाच वाक्यात गुंफणारा हा आदेश आपल्या कायद्याच्या इतिहासात वेगळाच म्हणावा लागेल.

ती सवलत काहींनी घेतलीही. पोर्तुगीज नागरिकत्व राखणारे धर्मगुरू मोन्सिन्योर मोंतेरो यांना पुढे देश सोडण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिल्यावर विदेशी नागरिक कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोवा हा व्याप्त प्रदेश असून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला लागू आहे, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच व्याप्ती संपली, असा त्या निकालाचा आशय होता. जन्म गोव्यात, हयात गोव्यात आणि तरीही विदेशी, ही स्थिती एका सहीने निर्माण होऊ शकते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

लिस्बनची बाजू वेगळी आहे. पोर्तुगालच्या दृष्टीने गोवा हा त्याच्याच भूमीचा भाग होता. साहजिकच तेथे जन्मलेला माणूस पोर्तुगीज. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि तेथे जन्मलेल्यांचे पोर्तुगीजत्व त्याने नाकारले नाही. १९८१ च्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्याखाली त्यांना व त्यांच्या वंशजांना जन्माची नोंद करून ते सिद्ध करता येते. वंशजांचा मार्ग साखळीचा आहे. आधीच्या पिढीचा जन्म व विवाह तेथील दप्तरात चढले की पुढच्या पिढीची नोंद होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी होत असल्याने हे कागद मिळतातही. अडचण येते ती नावांच्या लेखनाची. पोर्तुगीज वर्णलेखनात लिहिलेले हिंदू कुटुंबांचे आडनाव आजच्या आधारकार्डाशी जुळवताना अनेकांची दमछाक होते.

ही सोय केवळ ख्रिस्ती समाजापुरती किंवा केवळ गोव्यात राहणाऱ्यांपुरती आहे, हा समज चुकीचा आहे. मुंबईतील गोवेकरांच्या कुडांमध्ये उतरून बोटीवर नोकरी धरणाऱ्यांची मुले मुंबईत जन्मली. ती जन्मभूमीने भारतीय आणि वंशाने पोर्तुगीज नोंदीस पात्र. दमण-दीवची गुजराती कुटुंबेही याच वाटेने इंग्लंडमधील लेस्टरपर्यंत पोहोचली आहेत. पोर्तुगीज पारपत्र म्हणजे युरोपीय संघात मुक्त संचार. २०२० अखेरपर्यंत त्यात ब्रिटनही होते. स्विंडन आणि साउथॉलमधील गोवेकर वस्त्यांचे मूळ बव्हंशी येथेच आहे. पोर्तुगालवरील निष्ठेपेक्षा रोजगाराचा हिशेब यामागे मोठा आहे, हे गोव्यात कोणीही सांगेल.

भारतीय कायदा मात्र हेतू विचारत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. विदेशी पारपत्र मिळणे हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानला जातो. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने वैध ठरवला आहे. पारपत्र घेतलेल्यांपुरते उत्तर त्यामुळे सरळ आहे. प्रश्न उरतो तो लिस्बनमध्ये जन्माची नोंद झाली, पण पारपत्र घेतले नाही, अशांचा. पोर्तुगीज कायद्याच्या भाषेत ही नोंद म्हणजे जन्मतःच असलेल्या नात्याची पोच. नवे नागरिकत्व संपादन करणे नव्हे. कलम ९ मधील ‘संपादन’ या शब्दात ती बसते का? असा वाद उद्भवल्यास केंद्र सरकारने निर्णय द्यावा, अशी तरतूद त्याच कलमात आहे. ती प्रत्येक प्रकरणात सुनावणी घेऊन वापरली जाणे अगत्याचे आहे, कारण येथे माणूस जे गमावतो ते केवळ प्रवासाचे पुस्तक नसते. मतदारयादीतील नाव जाते, निवडणूक लढवण्याचा हक्क जातो, शेतजमीन खरेदी करता येत नाही.

पुढची अडचण कागदाची आहे, आणि तीच सर्वाधिक जाचक ठरली आहे. नागरिकत्व गमावलेल्यांना ओसीआय कार्डाच्या आधारे भारतात राहता येते. परंतु त्यासाठी भारतीय पारपत्र परत केल्याचे प्रमाणपत्र लागते. माहिती दडवून पारपत्र बाळगल्याच्या कारणावरून ज्यांचे पारपत्र आधीच रद्द झाले, त्यांच्याकडे परत करण्यासारखे काही उरत नाही. रद्द केल्याचा आदेश आणि परत केल्याचे प्रमाणपत्र यांतील हा फरक २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गोव्यात प्रचाराचा विषय झाला. पारपत्र दडवणे समर्थनीय नाही. तथापि त्याची शिक्षा म्हणून जन्मभूमीत राहण्याचा साधा आधारही हिरावला जावा, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

या साऱ्यात ज्यांचे मत कोणी विचारत नाही, ती आहेत लहान मुले. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला प्रत्येक जण, राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले यांसारखे मोजके अपवाद वगळता, केवळ जन्मस्थानामुळे नागरिक होता. त्यानंतर माता-पित्यांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. म्हणजे देशाचा कायदा जन्मभूमीकडून वंशाकडे पायरीपायरीने सरकला. आई-वडील दोघेही पोर्तुगीज झाल्यानंतर मडगावात जन्मलेले मूल आज भारतीय ठरत नाही. त्याचे मोठे भावंड मात्र, आई-वडिलांच्या नोंदीपूर्वी जन्मले असेल तर, भारतीय असू शकते.

आई-वडिलांनी रीतसर त्याग केला तर त्यांच्याबरोबर नागरिकत्व गमावणाऱ्या अज्ञान मुलांना सज्ञान झाल्यावर एका वर्षात ते परत मागता येते. ही सोय कलम ८ मध्ये आहे. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम ९ खाली पालकांचे नागरिकत्व आपोआप संपले असेल तर मुलांना या तरतुदीचा लाभ नाही. ते प्रकरण गोव्याचे नव्हते; पण पोर्तुगीज पारपत्र घेतलेले जवळपास सर्व गोवेकर पालक कलम ९ च्याच कक्षेत येतात. त्यांच्या मुलांसमोर आता कलम ५ खालील नोंदणीचा मार्ग उरतो. माता किंवा पिता पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असल्याचा पुरावा, अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात वास्तव्य आणि पोर्तुगीज नागरिकत्व सोडण्याची तयारी, एवढे त्यासाठी लागते. तोही हक्क नव्हे. अर्ज मान्य करायचा की नाही, हे केंद्र सरकार ठरवते.