पडद्यावरचे शेत

चेन्नईसारख्या महानगरात शेत क्वचितच दृष्टीस पडते. दिसतो तो बाजार. १९९६ साली सुरू झालेल्या कोयंबेडूच्या घाऊक बाजारात पहाटेच्या अंधारात भाजीपाल्याचे, फळांचे आणि फुलांचे ट्रक रिकामे होतात. शहरवासीयांचा शेतीशी असलेला रोजचा संबंध बहुधा तेथेच सुरू होतो आणि तेथेच संपतो. जानेवारीत पोंगलचा सण आला की याच बाजारात उसाच्या मोळ्यांचे आणि पानांसकट उपटलेल्या ओल्या हळदीचे ढीग लागतात. ज्यांच्या मालकीची वीतभरही जमीन नाही अशी कुटुंबे नव्या तांदळाचा गोड भात शिजत ठेवतात आणि भांडे उतू गेले की ‘पोंगलो पोंगल’ असा गजर करतात. हातून शेत सुटले तरी शेतीची ओढ सुटत नाही, हे त्यातून दिसते.

ही ओढ खेळांतही उतरलेली आहे. तमिळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा ‘पल्लांगुळी’ हा खेळ म्हणजे एक प्रकारची पेरणीच होय. लाकडी फळीवर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात. खळग्यांत चिंचोके किंवा कवड्या ठेवतात. एका खळग्यातील सर्व चिंचोके उचलायचे आणि पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक टाकत जायचे. ज्याच्या खळग्यात चार चिंचोके जमतील त्याला ते मिळतात. त्या चौकडीला ‘पसु’ म्हणजे गाय असे नाव आहे. पुढचा खळगा रिकामा निघेल की भरलेला, हे आधी मनात मोजून ठेवावे लागते. खेळाची सारी गोडी या मोजण्यात असते. आता हा खेळ मोबाईलवरही आला आहे. तेथे बोट टेकवले की चिंचोके आपोआप खळग्यांत पडतात. हाताचे काम कमी झाले. परंतु कोणता खळगा निवडावा हा विचार खेळणाऱ्याकडेच राहिला, म्हणून खेळही टिकला.

अड्यार, अण्णानगर किंवा वेलाचेरी येथील सदनिकांतून वाढणाऱ्या मुलांची पेरणी आज मुख्यतः पडद्यावर चालते. ‘माइनक्राफ्ट’ हा स्वीडनमध्ये तयार झालेला आणि २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला खेळ जगभर खेळला जातो. अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ म्हणजे वाळूच्या हौदासारखे खेळ म्हणतात. वाळूत खेळणाऱ्या मुलाला अमुकच किल्ला बांध असे कोणी सांगत नाही. त्याचप्रमाणे या खेळांतही ठरावीक वाट नसते. खेळणाऱ्याने घर बांधावे, खाण खणावी किंवा शेत करावे. शेत करायचे तर कुदळीने जमीन उकरावी लागते, पाणी जवळ आणावे लागते, बी पेरून थांबावे लागते. खेळातील दिवस वीस मिनिटांचा असल्यामुळे हे थांबणे फार मोठे नसते. तरीही, ही शेती आणखी सोपी करावी, अशी मागणी खेळाडूंकडून वारंवार होते. एकेक रोप हाताने का कापावे? पीक लगेच का येऊ नये? या मागण्या पुरवल्याने खेळ सुधारतो की बिघडतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी कष्ट आणि आनंद यांच्या नात्याशी तो जोडलेला आहे.

खऱ्या शेतीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. तेथे कष्ट जितके कमी होतील तितके चांगले. भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात दिवसदिवस वाकून राहणाऱ्या स्त्रियांची पाठ वाचवणारे यंत्र आले, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. महाराष्ट्रात विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आणि विजेचा पंप आला, तेव्हा मोटेवरची गाणीही गेली. त्या गाण्यांसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण म्हणून बैल पुन्हा मोटेला जुंपा, असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९८८ साली याच चेन्नईत स्वतःच्या नावाची संशोधन संस्था स्थापन केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत शेतकऱ्याच्या श्रमांना अधिक फळ कसे मिळेल हाच त्यांच्या चिंतनाचा विषय होता. शेतात धान्य हे साध्य असते आणि कष्ट ही त्यासाठी मोजावी लागणारी किंमत असते. किंमत उतरली तर दुःख कोणाला होणार?

खेळात हे गणित उलटे होते. पडद्यावरचा गहू कोणी खात नाही. तेथे धान्य हे निमित्त आहे. ते मिळवण्याची खटपट हीच खेळणाऱ्याला हवी असते. सगळी खटपट काढून घेतली तर हाती काहीच उरत नाही. चेन्नई हे बुद्धिबळाचे शहर आहे. विश्वनाथन आनंद आणि २०२४ साली जगज्जेता झालेला डी. गुकेश हे दोघेही येथलेच. घोड्याची अडीच घरांची चाल नवख्याला अवघड जाते, म्हणून ती सरळ करावी असे या शहरात कोणी सुचवणार नाही.

तथापि, खटपट जितकी अधिक तितका खेळ चांगला, असेही म्हणता येत नाही. कष्टांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एकात हात शिणतो आणि बुद्धी निजते. दुसऱ्यात हात थोडा चालतो, पण बुद्धी जागी राहते. पहिला प्रकार कमी केल्याने खेळ सुधारतो, दुसरा कमी केल्याने तो पोकळ होतो. केवळ ‘सोपे’ या एका शब्दात हे दोन्ही बसवले की विचाराचा गोंधळ उडतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळात हा भेद फार चांगल्या रीतीने सांभाळलेला आहे. एरिक बरोन यांनी एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून तो तयार केला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. आरंभी खेळाडूला झारीने प्रत्येक रोपाला रोज पाणी घालावे लागते. त्याची शक्ती मर्यादित असते, त्यामुळे किती रोपे लावावीत याचा हिशेब ठेवावा लागतो. पुढे शेतीचा अनुभव वाढला की तुषार सिंचनाचे साधन बनवता येते. पहिले साधन भोवतीच्या चार चौकोनांना पाणी देते, त्याहून चांगले आठांना आणि सर्वांत उत्तम असते ते चोवीस चौकोनांना. साधन हाती आले की सकाळचे रोजचे काम सुटते, परंतु नवा विचार सुरू होतो. साधने कोठे बसवावीत म्हणजे एकही चौकोन कोरडा राहणार नाही? वाचलेला वेळ कशाला द्यावा? शिवाय खेळातील ऋतू अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि तो पालटला की मागच्या ऋतूचे पीक करपून जाते. चोवीस चौकोन भिजवणाऱ्या साधनाचाही तेथे उपाय चालत नाही. ज्याने झारी वाहिली त्यालाच त्या साधनाचे मोल कळते; पहिल्याच दिवशी ते फुकट मिळाले असते तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

माइनक्राफ्टची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात हाडांचा चुरा खत म्हणून वापरता येतो. पूर्वी चिमूटभर चुरा टाकताच पीक पूर्ण पिकत असे. २०१३ साली निर्मात्यांनी हा नियम बदलला. तेव्हापासून चुऱ्याने पीक काही पायऱ्याच पुढे सरकते. म्हणजे येथे शेती मुद्दाम अवघड करण्यात आली. दुसऱ्या बाजूने, खेळाडूंनी आपल्या बुद्धीने तीच शेती सोपी करून घेतली. उतारावर वाफे रचायचे, वर पाणी अडवून ठेवायचे आणि कळ दाबताच ते सोडायचे. पाण्याच्या लोंढ्याबरोबर पिकलेला गहू सुटून खालच्या पेटीपाशी येतो. अशा रचना करण्यासाठी मुले तासन्‌तास डोके लढवतात. ही सोय कोणी दिलेली नाही, ती कमावलेली आहे, आणि खेळाचा सर्वांत रसाळ भाग तोच आहे. याच खेळात एक प्रकार असा आहे की त्यात प्रत्येक वस्तू विनासायास मिळते आणि भूक लागतच नाही. तेथे गव्हाचे शेत केवळ शोभेसाठी लावले जाते. सोपेपणाची परिसीमा गाठल्यावर शेतीचे काय होते, ते पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

तिसरे उदाहरण मात्र खेदाचे आहे. २००९ साली फेसबुकवर आलेला ‘फार्मव्हिल’ हा खेळ पाहता पाहता कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला. त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत पिके, आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जाई. खेळणाऱ्याने घड्याळाकडे डोळे लावून बसावे अशीच ती योजना होती. पैसे मोजले की पीक क्षणात वाढवता येई. अडचण निर्माण करायची आणि तीच दूर करण्याचे दाम घ्यायचे, हा व्यवहार सावकारीच्या फार जवळचा आहे. येथे सोपेपणा ही खेळाची सुधारणा नव्हती, ती दुकानात मांडलेली वस्तू होती. २०२० सालच्या ३१ डिसेंबरला हा खेळ बंद झाला; त्याची रीत मात्र मोबाईलवरील अनेक खेळांनी उचलली आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पाळी संपवून रात्री घरी परतलेल्या कामगाराला पडद्यावर आणखी कष्ट कशाला हवेत? त्याला दोन घटका विसावा हवा असतो. ज्याची बोटे आजाराने वा अपघाताने नीट चालत नाहीत, त्याने शंभर रोपे एकेक करून कापावीत असा आग्रह धरणे तर निर्दयपणाचे होईल. हे सर्व मान्य करावेच लागेल. म्हणून सोपी वाट असावी. पण ती निवडण्याचा अधिकार खेळणाऱ्याकडे असावा आणि ती वाट पैशाच्या फाटकातून जाऊ नये. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दमलेल्या कामगाराला नकोसा होतो तो तोच तो हातचाळा. बी कोणते पेरावे, वाफा कोठे काढावा, हे ठरवण्यात तर त्याचा जीव रमतो. कारखान्यात दिवसभर त्याला काहीच ठरवता येत नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

पडद्यावर सोपी शेती पाहून मुलांना खरी शेतीही सोपी वाटू लागेल, अशी भीती काही पालक व्यक्त करतात. ही भीती थोडी अवाजवी आहे. बुद्धिबळात प्यादी मारणाऱ्या मुलाला आपण युद्ध केले असे वाटत नाही. तरीसुद्धा, ज्या मुलाने शेत कधी पाहिलेच नाही त्याच्यापुरता हा खेळच शेतीचा पहिला धडा ठरतो, हे नाकारता येत नाही. दारावर कीरै म्हणजे पालेभाजी विकायला आलेल्या बाईशी जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस चालते, तेव्हा ती जुडी किती दिवसांत वाढली आणि तिला पाणी कोठून मिळाले, हे त्या घरात कोणाच्या मनात येते का? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकवणारा शेतकरी दरवर्षी मेट्टूर धरणाकडे डोळे लावून असतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात. पाणी पुरेसे नसेल त्या वर्षी ही तारीख पुढे जाते आणि कुरुवै भाताचा हंगाम डळमळतो. ते वाट पाहणे वीस मिनिटांच्या दिवसांत मोजता येत नाही आणि कोणत्याही चुऱ्याने ते आखूड होत नाही.

माइनक्राफ्टमध्ये पाण्याचा एक चौकोन चारी दिशांना चार-चार चौकोनांपर्यंतची जमीन कायम ओली ठेवतो. दोन बादल्या पाणी एका लहानशा खड्ड्यात योग्य रीतीने ओतले की त्यातून कितीही उपसले तरी ते आटत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे मोठे जलाशय कोरडे पडले होते. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या टाक्यांतून शहरात पाणी आणावे लागले, आणि गल्ल्यांतून प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा लागल्या. त्या दिवसांतही शहरातील मुले पडद्यावर शेते भिजवीतच असतील. खेळात पाण्याची टंचाई आणली तर तो अवघड होईल, यात शंका नाही. परंतु ती अडचण हाताला शिणवणारी ठरणार नाही. कोणते पीक वाचवावे आणि कोणते सोडावे, हे खेळणाऱ्याला ठरवावे लागेल. अशा अडचणीची मागणी खेळाडू करणारच नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. काही हौशी खेळाडूंनी माइनक्राफ्टमध्ये स्वतःच ऋतूंची भर घातली आहे आणि हजारो जण ती आवडीने वापरतात; तेथे ऋतू चुकला की पीक वाढत नाही. मूळ खेळातील दोन बादल्यांची ती न आटणारी विहीर मात्र आजही तशीच आहे.